दोनच शब्द

"आज सकाळी बाबा आपल्या सर्वांना सोडून..." इथपर्यंत लिहून धाकट्याने ते पुन्हा पुसून टाकलं.

बाबांच्या रिकाम्या पलंगाच्या कडेला तो मोबाइल घेऊन बसला होता. चादर बायकोने मघाशीच ओढून काढली होती. गादीवर जुने डाग, गादीखाली सादळलेल्या बिस्किटांचे तुकडे आणि त्यांवर मुंग्या. मलमाचा आणि कोंदट कपड्यांचा वास नाकात बसला होता. आपल्या बापाने या खोलीत इतके महिने काढले आणि आपण दारातूनच 'काही हवंय का?' विचारून सटकत राहिलो. त्याला स्वतःचीच किळस आली.

पण आधी घरच्या ग्रुपवर कळवायला हवं होतं. थोरला दादा एका टोकाला, मधली ताई दुसऱ्या. नुसतं कळवायचं असतं तर काही नव्हतं. खापर कुणाच्या डोक्यावर फुटणार, हा खरा प्रश्न होता. एक शब्द इकडचा तिकडे झाला, की ताई म्हणणार, तुला सांभाळता आलं नाही. आणि दादा ते जन्मभर ऐकवणार.

त्यातून धाकटा म्हणजे शब्दाशब्दाचा कीस पाडणारा प्राणी. ऑफिसात सूचना लिहायचं काम त्याच्याकडे होतं. 'लिफ्ट बंद आहे' एवढं लिहायला तो अर्धा दिवस घ्यायचा. 'कृपया' आधी घालू की नंतर, लोकांना राग तर येणार नाही ना, असं करता करता लिफ्ट दुरुस्त होऊन सुरूसुद्धा व्हायची.

'कळवण्यास अत्यंत दुःख होते की...' खोटं. दुःख झालंय की हायसं वाटतंय, हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं. पुसलं.

'डॉक्टर म्हणालेच होते, आता त्यांच्या मनासारखं होऊ द्या.' म्हणजे सगळं डॉक्टरांवर ढकललं. शी! पुसलं.

'बाबांची अखेर सुटका झाली.' कुणापासून, असं ताई विचारणार. आणि उत्तर होतं, आपल्यापासून. तेही पुसलं.

बायको ओलं फडकं घेऊन आत आली. ती हॉस्पिटलात नर्स होती. आज तिने मुद्दाम रजा टाकली होती.

"अजून तेच चाललंय?"

"कसं लिहू तेच सुचत नाहीये गं. प्रत्येक वाक्यात आपण वाईट दिसतोय."

"मग दिसू दे. आहोतच." तिने गादी झटकली. "मला तर या खोलीत पाय ठेवायची लाज वाटतेय. तू तिथे बसून शब्द चाखून बघतोयस."

"म्हणून काहीतरीच लिहायचं?"

"काहीतरी नाही, खरं लिही. 'बाबा गेले.' दोन शब्द, विषय संपला."

त्याने काही विचार करायच्या आत ते दोन शब्द लिहिले, पाठवले आणि फोन पालथा ठेवला. डोक्यातला कलकलाट एकदम थांबला. एवढं सोपं होतं हे!

लगेच दादाचा फोन आला.

"अरे, कधी?"

"सकाळी."

"त्रास झाला का?"

"कुणाला, आम्हाला?"

"त्यांना रे!"

"नाही. शांत होते. चहा घेतला आणि गेले."

"अरेरे. मला आधी सांगायचं नाहीस?"

"किती वेळा सांगितलं, दादा. ते आता फार दिवस राहणार नाहीत, येऊन जा, म्हटलं होतं."

दादा घसा खाकरून म्हणाला, "मला यायला संध्याकाळ होईल. माझ्यासाठी थांबू नका."

"नाही थांबलो."

"बरं केलंत. उगाच खोळंबा. आणि हे बघ, घराच्या कागदांना मी आल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही."

धाकटा फोनकडे बघतच राहिला. मग त्याच्या सगळं लक्षात आलं, आणि त्याला शिसारी आली. तोंडापर्यंत आलेलं वाक्य त्याने गिळलं. "ये मग," एवढंच म्हणून त्याने फोन ठेवला.

थोड्याच वेळात ग्रुपवर पूर आला. दादाने कुठून तरी उचललेलं पांढऱ्या फुलांचं चित्र, खाली 'देवमाणूस हरपला'. ताईच्या रडक्या चेहऱ्यांची रांग. 'बाबा, तुमच्याशिवाय जगू कशी?' असं विचारणाऱ्या ताईने बाबांचा शेवटचा फोन कधी उचलला होता, ते तिलाच ठाऊक. त्याखाली तिचाच पुढचा मेसेज होता: 'आईच्या बांगड्या बाबांच्या कपाटातच आहेत ना? सहज विचारलं.'

लगोलग दादा: 'कपाट मी आल्यावरच उघडायचं.'

ताई: 'तू कोण ठरवणार? शेवटची वर्षं माझ्याकडे यायचं म्हणत होते ते.'

दादा: 'मग नेलं का नाहीस?'

देवमाणूस दहा मिनिटांतच बाजूला पडला होता. बायकोने त्याच्या खांद्यावरून वाचलं आणि फडकं बादलीत आपटलं.

"तू काही बोलणार नाहीस?"

"लिहायचं ते लिहून झालं," धाकटा म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला एकही शब्द बदलावासा वाटत नव्हता. "चालू दे त्यांचं."

तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. ग्रुपवर बाबांचा मेसेज आला होता:

'वृद्धाश्रमात सुखरूप पोचलो. खोली हवेशीर आहे. तुमचं सगळं वाचलं. इथला पत्ता कुणी विचारू नका.'