तिरकं पाणी

पाणी सपाट असतं.

औषधवाल्या गास्पारच्या दाराशी जिरेनियमची कुंडी आहे. ऊन कुठेही सरको, कुंडी जागची हलत नाही.

डच माणूस सुट्टीवर निघतानाही खिशात घडीची मोजपट्टी ठेवतो.

नगरपालिकेच्या नव्या पर्यटन नकाशात थांबा क्रमांक एक: पुराची रेषा, सोलांजच्या कॅफेची भिंत. नकाशा मंगळवारी छापायला जाणार.

सोलांज आणि गास्पार नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

सोमवारी अकराच्या सुमारास एका डच पाहुण्याने चौकातल्या कारंज्याला सायकल टेकवली आणि तो सोलांजच्या भिंतीसमोर उभा राहिला. भिंतीवर चार खिळ्यांनी बसवलेली दगडी पट्टी, पट्टीवर एक रेषा, रेषेवर तारीख: २ जून १८५६. नदीकाठाने येणारा प्रत्येक पाहुणा इथे हात वर करून फोटो काढतो. बोटं रेषेला पोचत नाहीत. सगळे हसतात, हसून तहान लागते, तहान लागली की बसतात. सोलांजचं कॅफे त्या तहानेवर चालत होतं.

या पाहुण्याने हात वर केला नाही. त्याने मोजपट्टी उघडली. दोन मीटर चौतीस. मग चौक ओलांडून तो गास्पारच्या दाराशी गेला, कुंडी बाजूला केली आणि वाकला. तिथेही पट्टी. तीच तारीख. सेहेचाळीस सेंटीमीटर.

"मादाम," परत येऊन तो म्हणाला, "चौक सपाट आहे. मधे एकोणीस पावलं. तुमच्याकडे पाणी डोक्यावरून, त्यांच्याकडे गुडघ्याखाली. पाणी तेव्हा तिरकं उभं होतं का?"

"वारा होता," सोलांज म्हणाली.

"किती?"

"पुष्कळ."

त्याने वहीत 'वारा, पुष्कळ' असं लिहिलं. "उद्या सकाळी नगरपालिकेत जाऊन सांगतो. नकाशा छापायच्या आत कळलेलं बरं. त्यांना मदतच होईल."

सोलांजने स्वच्छ टेबल पुन्हा पुसलं. नम्र माणसाला हाकलताही येत नाही.

एवढ्यात पांढरा कोट घातलेला गास्पार बाहेर आला. "सांगा, जरूर सांगा! चाळीस वर्षं मी या प्रश्नाची वाट बघतोय."

"मग तिसरी भिंत बघू," पाहुणा खूश होऊन म्हणाला आणि चर्चच्या दिशेने निघाला.

तो ऐकू येण्यापलीकडे गेला तशी सोलांजने नऊ वर्षांची कडी काढली. "वाट बघतोय म्हणे! शाळेत असताना आपण तुझ्या रेषेला पाठ लावून उंची मोजायचो, गास्पार. आता तिच्यावर बसता येतं. बारा वाजता पॅरिसची माणसं तुझं विकायचं घर बघायला येणार ना? त्यांना सांगू?"

"आणि तुझी गं? तुझी तर आपल्याबरोबर वाढली. आपण थांबलो, ती थांबलीच नाही!"

"माझ्या बापाने चढवली ती."

"शेवटची तू चढवलीस. शिडी माझ्याकडून नेली होतीस. अजून परत दिली नाहीस."

"त्यावरून नऊ वर्षं?"

"चांगली शिडी होती."

पाहुणा परत आला. कपाळावर आठ्या. "चर्च गावातली सगळ्यात जुनी इमारत. तिच्यावर एकही रेषा नाही. असं कसं?"

चर्चकडे बघायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

"देवाच्या घरात पाणी शिरत नाही, मस्यू," सोलांज म्हणाली.

"आमच्याकडे शिरतं," तो म्हणाला.

सोलांज आत गेली आणि थंड पांढरी वाईन, बकरीच्या दुधाचं चीज आणि तीन ग्लास घेऊन आली. तिसरा ग्लास बघून गास्पारने खुर्ची ओढली.

"मी शास्त्राचा माणूस आहे, मस्यू," तो म्हणाला. "नदी वळते कुठे? पुलापाशी. वळणावर गाडीतली माणसं एका बाजूला कलतात की नाही? तसं पाणीही कलतं. सोलांजच्या बाजूला वर, माझ्या बाजूला खाली."

"कलतं खरं," पाहुण्याने विचार केला. "पण दोन बोटं."

"तुमच्या नद्यांचं दोन बोटं. ही ल्वार आहे."

नऊ वर्षांत पहिल्यांदा सोलांजला गास्पार शिकलेला वाटला. तिने त्याचा ग्लास काठोकाठ भरला.

पाहुण्याने नदीकडे पाहिलं. नदी उन्हात पडून होती, पाटावर वाळत घातलेल्या पापडासारखी सपाट. मग त्याने दुसरा ग्लास संपवला, वहीतला 'वारा' खोडला आणि कॅफेपासून औषधाच्या दुकानापर्यंत एक तिरकी रेघ मारली. "आयुष्यभर मी बंधाऱ्यांवर काम केलं," तो हळूच म्हणाला. "असं पाणी मला कधी भेटलं नाही." रेघेखाली त्याने 'ल्वार' लिहिलं आणि वही मिटली. नगरपालिकेचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही. उलट कॅमेरा काढला. "मादाम, हात वर करता?"

सोलांजने हात वर केला. टाचा उचलल्या. बोटं पोचली नाहीत.

त्याच वेळी पॅरिसची गाडी चौकात वळली. कुंडी अजून बाजूलाच होती. गास्पार ग्लाससकट पळाला, कोट पसरून स्वतःच्या रेषेवर बसला आणि पाहुण्यांना हात हलवू लागला.

१८५६ च्या जूनमध्ये ल्वारचं पाणी चौकाच्या खालच्या गल्लीत, कपडे धुण्याच्या पायऱ्यांपर्यंत चढलं आणि तिथूनच उतरलं.