गोड आवाजाची तालीम

कॅमोमाइलच्या फुलांच्या चहाचा दुसरा कप रिकामा करून मृणालिनीबाई फ्रिजसमोर उभ्या राहिल्या आणि गोड आवाजाची तालीम करू लागल्या. "या हं, बसा." छे! शाळेतून निवृत्त होऊनही आवाज पीटीच्या तासाचाच निघत होता.

दिवाळीत गाडी आडवी लावली म्हणून त्यांनी जावयाला चारचौघांत झापलं होतं. त्यानंतर मुलगी-जावई फिरकलेच नव्हते. आज येणार होते. ही वाळकी फुलं मन शांत करतात, असं शेजारीण म्हणाली होती. "मनाचं नंतर बघ, आधी माझा घसा शांत कर," असं पातेल्याला बजावत बाईंनी आणखी एक कप गाळला.

बेल वाजली. बाईंनी हळूच दार उघडलं. "ये गं सोन्या. या जावईबापू, छान वाटलं."

गार्गी उंबऱ्यातच थबकली. "आई, काय होतंय तुला?"

"काही नाही गं, राणी."

जन्मात असे लाड न झालेल्या गार्गीचे डोळे भरून आले. "खरं सांग, रिपोर्टमध्ये काय आलंय?"

जावई बुटांसकट आत धावला आणि सासूबाईंना धरून खुर्चीत बसवू लागला. "गाडी खालीच आहे, हॉस्पिटलमध्ये जाऊ."

"अहो, ठणठणीत आहे मी! आणि बूट? बूट काढा आधी!"

त्या आवाजाने वरच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकू लागलं. झालं, सगळं मुसळ केरात, असं म्हणत बाईंनी कपाळावर हात मारला. पण गार्गी त्यांच्या गळ्यात पडून हसत होती आणि रडतही होती.

जावयाने बूट दाराबाहेर ठेवले, सुटकेचा निःश्वास सोडला आणि विचारलं, "आई, जेवायला काय केलंय?"