बरं, ताट वाढते

पारसने हौसेने महागडा गेम घेतला, पण त्यात नुसत्या घागरी वाहायच्या होत्या. विहिरीवरची म्हातारी विचारायची, "पाणी भरशील?" उत्तरं तीन. हो म्हणा, नाही म्हणा की थट्टा करा, ती म्हणायची, "बरं, घागर उचल." घागरी भरेपर्यंत तिथला सूर्य जागचा हलत नसे.

"मग विचारता तरी कशाला?" पारस वैतागला.

तेवढ्यात आतून दादीची हाक आली. दादीच्या, म्हणजे हीराबाईंच्या, जैन घरात सूर्यास्तानंतर कुणी जेवत नसे. "पारस, दिवस मावळेल. जेवतोस ना?"

"भूक नाही, दादी."

"बरं, ताट वाढते."

ऐकू आलं नसेल. "दादी, नको म्हणतोय!"

"बरं, ताट वाढते." सूरही तोच.

तो उठून त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. "दादी, मला भीती वाटतेय."

हीराबाई हसल्या. "बरं, ताट वाढते."

ताट केव्हाच वाढलेलं होतं.

पारस खिडकीशी धावला. समोरच्या डाळ मिलच्या पत्र्यावर ऊन मघाशी होतं तिथंच होतं. खाली रस्त्यात रिक्षा जागच्या जागी थांबल्या होत्या, आणि त्यांतली सगळी माणसं मान वर करून त्याच्याकडे बघत होती.