तेलाचे मानकरी

"दादा, तेल घातलंस ना?"

"घातलं."

"नक्की?"

"अगं, घातलं म्हणतोय ना! लिहून देऊ?"

बहीण शेडमधून निघून गेली. दादाने ॲल्युमिनियमचं माप पुसलं आणि खिळ्याला अडकवलं.

विचारणारच ती. आठ वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाच्या गाडीतलं जुनं तेल त्याने काढलं आणि नवं भरायचं विसरला. गाडी अकरा किलोमीटर गेली. त्या अकरा किलोमीटरांत त्याचं गॅरेज गेलं, नाव गेलं, आणि तो बहिणीकडे मागच्या खोलीत राहायला आला. तेव्हापासून या घरात त्याने चहात साखर घातली तरी कुणीतरी विचारायचंच, घातलीस ना?

बहिणीचा नवरा तांत्रिक शाळेत शिकवायचा. सगळे त्याला मास्तर म्हणत. मास्तरांनी सहा वर्षं खपून शेडमध्ये विमान बांधलं होतं. एकच माणूस बसेल एवढं, वजन नको म्हणून रेडिओसुद्धा नाही. इंजिन मोडीत निघालेल्या एका गाडीचं, रोटरी. त्यात पिस्टन नसतात, तिकोनी रोटर गरगर फिरतो. त्याच्या टोकांवरच्या पट्ट्यांना तेल मिळायचं ते पेट्रोलमधूनच, कारण मूळचा पंप मास्तरांनी काढून टाकला होता. दर वेळी टाकी रिकामी करायची, नव्याने भरायची आणि वर मोजून एक माप तेल ओतायचं. तेल पडलंय की नाही हे पेट्रोलकडे बघून कळत नसे. नाही पडलं, तर वीस मिनिटांत पट्ट्या खरवडून इंजिन गप्प.

"तेल तुमच्याकडे, दादा," मास्तर म्हणाले तेव्हा त्याला भरून आलं होतं. आठ वर्षांत कुणी पहिल्यांदाच काही सोपवलं होतं.

पण इंजिन धूर ओकायला लागलं. प्लग काळेकुट्ट.

"हात सैल सुटतोय तुमचा," मास्तर म्हणाले.

"त्याचं असंच," बहीण म्हणाली. "एकदा विसरेल, एकदा दुप्पट ओतेल."

दादाने माप काठोकाठ भरून त्यांना दाखवलं. डोळ्यांदेखत ओतलं. तरी धूर. मास्तरांनी शाळेतला एक सहकारी तेलाच्या कामाला आणायची भाषा सुरू केली.

तेव्हा एके दिवशी दादाने तेल घातलंच नाही. चाचणी जमिनीवरच होती. काय होतंय ते बघू, आणि आवाज बदलला की बंद करू, म्हणून तो बटणाजवळ उभा राहिला. इंजिन अर्धा तास लोण्यासारखं चाललं. प्लग काढले तर बिस्किटाच्या रंगाचे.

"वा, दादा! आज जमलं!" मास्तरांनी पाठीवर थाप मारली.

दादा क्षणभर खूश झाला. मग त्याच्या डोक्यात घण पडला. तेल आलं कुठून?

पुढच्या वेळी टाकी भरून झाल्यावर तो हात धुवायला जातो म्हणाला आणि मागच्या खिडकीशी थांबला. बहीण आली. रंगाच्या डब्यांमागून तिने दुसरं माप काढलं, मोजून ओतलं, नरसाळं पुसून ठेवलं आणि गेली. सख्खी बहीण!

आत जाऊन तिला फाडून खावं असं त्याला वाटलं. मग त्याने विचार केला, घाल की! एवढा भरवसा नाही ना, मग तूच घाल. ती विसरणारी नव्हतीच.

त्या दिवसापासून तो शेडमध्ये जायचा, रिकामं माप टाकीवर दोनदा आपटायचा आणि बाहेर यायचा. धूर थांबला. मास्तर येईल त्याला सांगायला लागले, "आमच्या दादांचा हात म्हणजे तराजू!" बहीणही हळूहळू निवळली. विचारणं कमी झालं. मास्तरांनी टाकीच्या झाकणाखाली लाल रंगात लिहिलं : तेलाचे मानकरी, दादा.

ते वाचताना त्याला लाज वाटायची आणि बरंही वाटायचं. सांगून टाकावं असं रोज यायचं मनात. पण सांगितलं की ही अक्षरं पुसली जाणार. आणि आठ वर्षांनी मिळालेली शाबासकी, खोटी असली तरी, हातची सोडवत नव्हती.

मोठ्या उड्डाणाचा दिवस आला. सरोवरावरून सरळ पलीकडच्या काठाला, पाऊण तास खाली नुसतं पाणी. मास्तर उतरले की बहिणीला सगळं सांगायचं, हसायचं, काय ते भांडायचं, असं दादाने ठरवलं होतं.

सकाळी बहिणीने त्याला आधी चहा दिला, मास्तरांच्याही आधी. शेडमध्ये नरसाळं कोरडं ठणठणीत लटकत होतं. आज धुऊन ठेवलेलं दिसतंय, तो मनात म्हणाला.

"दादा, तेल?" मास्तरांनी आत बसता बसता विचारलं.

"घातलंय."

विमान धावलं, उचललं, काठ ओलांडून पाण्यावर गेलं. मागे धुराची रेघसुद्धा नव्हती.

"बघ, किती स्वच्छ!" बहीण म्हणाली. विमान चिमणीएवढं होईपर्यंत ती बघत राहिली. मग तिने त्याचा हात हातात घेतला. कित्येक वर्षांत घेतला नव्हता.

"दादा, एक सांगू? रागावू नकोस हं. इतके दिवस तुझ्या मागून मीही एक माप घालत होते. तुझा भरवसाच वाटत नव्हता रे मला." तिचे डोळे भरून आले होते. "पण आज नाही घातलं. म्हटलं, आपला भाऊ आहे, किती दिवस संशय घ्यायचा?"