दापोलीचे दळवी

संजीवनीच्या धाकट्या बहिणीचं, उत्कर्षाचं, लग्न झालं त्या वर्षी प्रतापच्या फुटबॉल क्लबाला चौकशीचं बोलावणं आलं. सिंगापुरातल्या सेंगकांगच्या मैदानालगतच्या खोलीत शनिवारी सकाळी ते बसले होते. टेबलापलीकडे लीगचे अध्यक्ष मणियम. अलीकडे प्रताप, त्याची बायको संजीवनी आणि क्लबाचा पाठीराखा वरुण. खिडकीपाशी एकटा सिराज, बंदरावर काम करणाऱ्यांच्या संघाचा गोलकीपर.

मणियमनी आवाज न चढवता इंग्रजीत सगळं सांगितलं. गेल्या रविवारी मराठी प्रेक्षकांनी या खेळाडूचा धर्म काढला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. इथे हे खपवून घेतलं जात नाही. शिक्षा होणारच. ती कोणाला, एवढंच ठरायचं होतं.

प्रताप तयारीने आला होता. ओरडला तो वरुण, पोरकटपणा झाला, त्याला मैदानात येऊ देऊ नका. पण क्लबाचा काय दोष? प्रेक्षक काय ओरडतात ते खेळणाऱ्यांच्या हातात असतं का? क्लबात लहान मुलं खेळायला शिकतात, त्यांनी काय केलं? वरुण मान खाली घालून हो हो म्हणाला. येताना एमआरटीच्या गाडीत प्रतापने त्याची समजूत घातली होती. एकाने अंगावर घेतलं की बाकीचे सुटतील. प्रकरण पुढे गेलं तर कोणाकोणाच्या इथे काम करायच्या पासवर येईल, काय सांगावं.

"हाक एकाने दिली," मणियम म्हणाले. "उत्तर किती जणांनी दिलं?"

हाकेला ओ द्यायची सवय सगळ्यांच्या अंगातच होती. गणपतीत, शिवजयंतीला, एकाने अर्धं म्हणायचं आणि बाकीच्यांनी उरलेलं. मैदानावरही तेच चाललं होतं. जिंकणार कोण, भारी कोण. मग वरुणने विचारलं, या सिराजला कुठे धाडायचं, आणि सगळ्यांनी एका दमात पाकिस्तानचं नाव घेतलं. लोक हसले. वरुणने पुन्हा विचारलं.

तुम्हाला काही सांगायचं आहे का, असं मणियमनी सिराजला विचारलं. स्वतःबद्दल काही नाही, असं तो म्हणाला. मग संजीवनीकडे वळून मराठीत बोलला.

"ताई, त्या दिवशी माझे अब्बा तुमच्या शेजारी बसले होते. दळवी."

संजीवनीला आधी कळलंच नाही. दळवी म्हटल्यावर तिला एक म्हातारा गृहस्थ आठवला. अर्ध्या बाह्यांचा सदरा, पायात नवे बूट. मराठी कानावर पडली म्हणून हसत हसत त्यांच्या घोळक्याकडे आला होता. तिने सवयीने गाव विचारलं, मग आडनाव. दापोली, दळवी. तेवढ्यावर तिने ओळख पुरी झाली असं धरलं आणि काका म्हणून जवळ बसवून घेतलं. मुलाकडे आलोय, एवढंच ते म्हणाले. कुठला मुलगा, ते कोणी विचारलं नाही. चिवडा खाताना त्यांनी तिची थट्टाही केली होती. साखर घातलीत, म्हणजे तुम्ही घाटावरच्या. समोर त्यांचाच मुलगा खेळत होता, तरी प्रत्येक हाकेला ते सगळ्यांच्या बरोबरीने ओ देत होते. एवढी मराठी माणसं एका जागी बघून त्यांना बरं वाटलं असावं.

वरुणची ती हाक आली तेव्हाही त्यांचं तोंड उघडलेलं होतं. ते तसंच राहिलं. थोड्या वेळाने बघितलं तर जागा रिकामी होती. ऊन लागलं असेल, असं ती कोणाला तरी म्हणाली होती.

"ओ मीही दिली," संजीवनी मणियमना म्हणाली.

"संजीवनी, राहू दे," प्रताप हळूच म्हणाला.

"आम्ही सगळ्यांनी दिली. क्लबाचे टी-शर्ट घालून, क्लबाचा झेंडा धरून. वरुण एकटाच ओरडला असता तर ते गोलपर्यंत पोचलंसुद्धा नसतं."

वरुणने मान वर केली. प्रताप टेबलाकडे बघत राहिला. मणियमनी जास्त वेळ घेतला नाही. क्लब हा हंगाम खेळणार नाही, असं त्यांनी सांगितलं. मुलांचा सरावही बंद. प्रतापने हरकत घेतली नाही.

सिराज बाहेर पडला तशी संजीवनी त्याच्या मागे गेली. मला काकांना भेटायचंय, त्यांची माफी मागायची आहे, म्हणाली. अब्बा मंगळवारीच दापोलीला परत गेले, असं त्याने सांगितलं. तिकीट आधीपासूनच काढलेलं होतं. मग निदान फोन नंबर तरी दे, म्हणाली. त्याने खिशातून फोन काढला, नंबर शोधला आणि तसाच उभा राहिला.

"नको, ताई," तो म्हणाला. "त्यांनी घरी वेगळंच सांगितलंय. सिंगापुरात आपली माणसं भेटली, जवळ बसवून चिवडा दिला. मोहल्ल्यात सगळ्यांना सांगत फिरतात. पुढचं कोणालाच सांगितलेलं नाही. माझ्यापाशीसुद्धा एका शब्दाने बोलले नाहीत. तुमचा फोन गेला तर त्यांना ते कबूल करावं लागेल."

त्याने फोन खिशात ठेवला. संजीवनीने पुन्हा मागितला नाही.

दाऊद दळवी त्याच वर्षी, दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, दापोलीला वारले.