बॅटीचा आवाज

"सूर्य डोळ्यांवर आला," मिलो कोलार मैदानाच्या पार मागच्या टोकाकडून ओरडला. चेंडू त्याच्या मागे सात-आठ पावलांवर पडून गवतात घरंगळत गेला होता.

"सूर्य तुमच्या पाठीशी आहे, बाबा," हातात बॅट घेऊन उभी असलेली रोझॅन म्हणाली. "एक गेला. दोन राहिले."

रविवारची सकाळ होती. चर्च सुटल्यावर गाव कॉफी प्यायला आणि कोलाचे नावाचे गोड पाव खायला तळघरातल्या हॉलमध्ये उतरलं, आणि हे बापलेक थेट शाळेच्या मैदानावर आले. बापाच्या अंगात अजून चर्चचाच शर्ट होता. पैज साधी होती. मुलीने तीन चेंडू उंच मारायचे. बापाने तीनपैकी एक जरी झेलला तर ट्रकची चावी त्याच्याकडे राहील. एकही नाही झेलला तर चावी मुलीकडे, कायमची. मंगळवारी त्याने शेजारच्या हॅवलिकांची टपालपेटी खांबासकट आडवी केली होती. पेटीच रस्त्याच्या फार जवळ होती, असं त्याचं म्हणणं.

मिलो एक्काहत्तर वर्षांचा होता. तरुणपणी अकरा वर्षं त्याने बेसबॉलच्या मोठ्या लीगमध्ये सेंटर फील्ड सांभाळलं होतं, म्हणजे मागच्या गवतात उभं राहून उंच आलेला प्रत्येक चेंडू धावत जाऊन झेलला होता. पुढे तीस वर्षं ट्रॅक्टरचे सुटे भाग विकले, पण गावात त्याला सुटे भागवाला कुणी म्हणत नाही. ट्रक गेला की तो घरात बसला. किराणा बारा मैलांवर, पत्ते कुटायची जागा नऊ मैलांवर, आणि बायकोला, आग्नेसला, पुरलं ते कब्रस्तान त्याच्याही पलीकडे. आईच्या कबरीवर तो दर शुक्रवारी जातो हे रोझॅनला ठाऊक होतं. म्हणूनच तिने पैजेला हो म्हटलं. नाहीतर खिशातून चावी काढून घेणं तिला काही जड नव्हतं.

दुसरा चेंडू तिने मुद्दाम अलीकडे मारला. मिलो पुढे आला, थांबला. कोंबडी बघते तशी मान तिरकी करून त्याने वर पाहिलं. चेंडू त्याच्या बुटाशेजारी धप्पकन पडला.

"आत्ता डोकं फुटलं असतं!"

"डोकं आहे जागेवर. तू मार."

"बाबा, पुरे झालं आता."

"तीन ठरलेत. आणि फुलं काय वाहतेस? शाळेतल्या पोरींना असंच शिकवतेस का? नीट मार. आवाज येऊ दे."

शाळेच्या पोरींचा संघ रोझॅनच्या हाताखाली होता, त्यामुळे हे तिला चांगलंच झोंबलं. तिने तिसरा चेंडू हवेत टाकला आणि सगळा राग एकवटून बॅट फिरवली.

कडकन आवाज झाला.

त्या आवाजासरशी मिलो पाठमोरा झाला आणि पळत सुटला. वर बघितलंच नाही. चेंडू बद्द वाजला की पुढे यायचं, कडक वाजला की मागे पळायचं, आणि किती पळायचं तेही आवाजच सांगतो. संघात नवी पोरं आली की तो त्यांना डोळे मिटून उभं करायचा आणि नुसत्या आवाजावर पळायला लावायचा. आता तो स्वतः पळत होता, एक्काहत्तराव्या वर्षी पळू नये तसा.

"माझा!" तो ओरडला. हे ओरडलं की बाकीच्यांनी बाजूला व्हायचं असतं. बाजूला व्हायला मैदानात दुसरं कुणी नव्हतं.

कुंपणाच्या चार पावलं अलीकडे तो थांबला, वळला आणि ग्लोव्ह छातीपुढे धरला. चेंडू त्यात येऊन पडला.

रोझॅनने बॅट टाकली आणि धावत सुटली. चावी घ्यायला आलेली ही बाई, पण शाळकरी पोरीसारखी हसत होती आणि रडतही होती.

"झेललात! अहो बाबा, कसला झेललात! ठेवा तुमची चावी. मी पुन्हा नाव काढणार नाही. त्या हॅवलिकांच्या पेटीचंच चुकलं!"

मिलो गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत होता. तो खूश होता. खरं सांगायचं तर भरल्या मैदानातल्या कितीतरी झेलांपेक्षा जास्त खूश होता. त्याने चेंडू ग्लोव्हमधून काढला आणि त्याच्या शिवणीवरून अंगठा फिरवला. मग खिशात हात घातला.

"ही घे."

"अहो, तुम्ही जिंकलात ना?"

"मला दिसला नाही तो."

"मग झेललात कसा?"

"बॅटीचा आवाज ऐकला." त्याने चावी तिच्या तळहातावर ठेवली आणि तिची बोटं मिटवली. "हॅवलिकांची धाकटी दिवसभर सायकलवर असते. ती आडवी आली तर मला कसला आवाज येणार आहे?"

दोघं गवत तुडवत ट्रकपाशी आले. सवयीने तो चालकाच्या दाराशी गेला, थबकला, आणि बॉनेटवर हात टेकत समोरून पलीकडे गेला. त्या बाजूला आग्नेस बसायची. ते दार त्याने बाहेरून शंभरदा उघडलं होतं, पण तिच्यासाठी. आता तो पत्र्यावरून हात फिरवत कडी शोधू लागला. रोझॅन आत बसून वाट बघत राहिली. तिने गाडी सुरू केली नाही.