डावा खांब

"गाऱ्हाणा कोणावर?" बाबू गुरवाने विचारलं.

विश्वेशने नारळ या हातातून त्या हातात घेतला आणि आईकडे पाहिलं. कावेरी देवळाच्या पायरीवर बसून गुडघा चोळत होती.

"तुझ्यावर," ती म्हणाली. "दुसरो कोण आमची वाट आडवतलो?"

बाबूने समईची वात पुढे सारली. ती आधीच पुढे होती.

रवळनाथापुढे गाऱ्हाणं घालणारे गावात दोघेच होते. एकाने देवासमोर उभं राहून नारळवाल्याचं म्हणणं बोलायचं, दुसऱ्याने डाव्या खांबाशी उभं राहून दर बोलाला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. नारळवाल्याने फक्त हात जोडायचे. बाबू बोलला की गंगाराम साथ देई, गंगाराम बोलला की बाबू. गंगाराम बाबूच्या भावकीतलाच. तो गेला, त्याचं सुतक काल फिटलं. डाव्या खांबावर, तो डोकं टेकायचा तिथे, तेलाचा काळसर डाग तेवढा राहिला होता.

"पुढल्या सोमवारी करूया," बाबू म्हणाला.

"पुढल्या सोमवारी कोण येतलो? गंगाराम?"

"आये, गप रव," विश्वेश म्हणाला. मग बाबूकडे न बघता, "काकानू, तुमका जमणा नाय तर मी फोंड्यासून कोणाक तरी हाडतंय."

"फोंड्याचो माणूस माझ्या गुडघ्याक वळखता?" कावेरी म्हणाली. "बाबू वळखता. माझ्याच हातचे घावणे खावन वाढलो तो."

वाद गावाला ठाऊक होता. कावेरीची विहिरीकडे जायची वाट बाबूच्या काजूच्या बागेतून होती. शिमगा झाल्यावर मोजणी आली, वाट बाबूच्या हद्दीत निघाली, आणि त्याने वाटेवर छातीएवढा चिऱ्यांचा गडगा घातला. तेव्हापासून कावेरी कळशी घेऊन रस्त्याने वळसा मारून येते. बाबूच्या अंगणातून ती येताना दिसते. बाबूने संध्याकाळचं अंगणात बसणं सोडलं होतं.

त्याने डाव्या खांबाकडे पाहिलं.

एकदा गंगारामच्या थोरल्याने, निलेशने, शेजारच्या मथुराचा फणस तोडून विकला होता. मथुरा नारळ घेऊन आली ती गंगारामच्याच पाळीला. गंगारामने देवापुढे मुलाचं नाव घेतलं. बापाच्या नावासकट, रोजच्याच आवाजात. खांबाशी त्या दिवशी बाबू होता. त्याचं 'व्हय म्हाराजा' एक बोल मागे पडलं होतं. बाहेर पडताना त्याने विचारलं, "आवाज वायच बारीक केलो असतस तर?"

गंगाराम पायऱ्यांखाली चपला शोधत होता. "नारळ ज्येचो, जीभ त्येची," तो म्हणाला. "त्या घडयेक ती आपली नसता." चपला सापडल्या तसा चालू लागला.

"हाड तो नारळ," बाबू म्हणाला.

विश्वेशने नारळ पुढे ठेवला आणि हात जोडले. कावेरी पायरीजवळच्या खांबाला धरून उठली. बाबूने टोपी सारखी केली, देवासमोर उभा राहिला.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा..."

तो थांबला. इथे उत्तर यायचं. कौलांवरून एक खार पळाली.

"आज ही तुझी कावेरी आणि तिचो झील विश्वेश तुझ्या पायाकडे इली आसत."

पुन्हा थांबला. विश्वेशचे ओठ हलले, पण त्याने बोलायचं नव्हतं.

"पानयाची वाट बंद झाली म्हाराजा. त्या वाटेन ती नवरी म्हणान पयली कळशी घेवन गेली. त्याच वाटेन जाता येता तिचे केस पिकले. ती वाट एका माणसान चिरे घालून आडवली. कागदान ती तेची आसात. पायान ती तेची न्हय."

हे कावेरीने सांगितलं नव्हतं. ती खांब सोडून सरळ उभी राहिली.

"तो माणूस..." बाबूचा आवाज बारीक झाला. त्याने घसा खाकरला आणि बोल पहिल्यापासून घेतला. "तो माणूस बाबू सखाराम गुरव. तुझोच चाकर. तेका बुद्धी दी, आणि ह्या म्हातारेची वाट मोकळी कर, म्हाराजा."

आवाज कौलांना लागून खाली आला.

बाबू देवासमोरून बाजूला झाला आणि डाव्या खांबाशी गेला. डाग त्याच्या डोक्याच्या वर राहिला. गंगाराम त्याच्याहून उंच होता. बाबूने हात जोडले.

"व्हय म्हाराजा."

मग तो परत आपल्या जागी येऊन उभा राहिला. गाऱ्हाणं अजून संपलं नव्हतं.